भिंतीकडं तोंड करून

तात्या माझा बाप होण्याआधी घरात मला सगळ्यांत जास्त आवडायचा तो तात्याच. हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं वाचल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. तो माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा लष्करात होते, वर्षातून एकदा महिना-दीड महिना घरी यायचे, आणि बाकीचे दिवस माझ्या लेखी घरातला पुरुष म्हणजे तात्या. कडेगावच्या बाजाराला जाताना तो मला सायकलच्या दांडीवर बसवायचा, उतारावर दोन्ही हात सोडायचा आणि मी किंचाळले की म्हणायचा, "गप गं, वैनीला ऐकू जाईल." वैनी म्हणजे माझी आई. तो तिच्याहून चारएक वर्षांनी लहान होता आणि तिला फार मानायचा. रानातून येताना हरभऱ्याचे डहाळे, बोरं, जे काही मिळेल ते आधी तिच्यापुढं ठेवायचा. वडूजकडच्या एका मुलीशी त्याची सुपारी फुटली होती. ती मुलगी त्यानं एकदाच बघितली होती, तीही देवळाच्या पायरीवर, पाठमोरी. आई चुलीपुढं बसून त्याची थट्टा करायची, "आवं भावजी, तोंड न्हाई बगितलं, मग पसंत काय केलं?" तो मान खाली घालून म्हणायचा, "येणी."

दादा गेले ते लढाईत नाही. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली. आमच्या गावात दर दोन घरांआड एक माणूस लष्करात, त्यामुळं अशी बातमी आली की काय करायचं हे गावाला ठाऊक होतं. बायका आल्या, शाळा सुटली, पाटावर फोटो ठेवला गेला. मला आठवतो तो फक्त आईचा आवाज. ती रडताना ओरडली नाही, घशातल्या घशात काहीतरी दळल्यासारखं करत राहिली, आणि ते कितीतरी दिवस चाललं होतं.

घरात शब्द चालायचा तो आण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. वर्षश्राद्ध झालं आणि आण्णांनी ठरवलं की तरण्या सुनेला माहेरी पाठवायचं नाही, दुसऱ्या घरीही द्यायचं नाही. घरची सून, घरची नात, घरचं रान, सगळं घरातच राहील. वडूजची सुपारी मोडायची आणि तात्याचं लग्न आईशी लावायचं. आईला कुणी विचारलं नाही. तात्यालाही नाही. सकाळी तुळशीपुढं पाच माणसांत लग्न लागलं, वाजंत्री नव्हती, गोड म्हणून शिरा केला होता आणि तो खाली लागला होता. मी आठ वर्षांची होते. सांगलीहून आत्या आली होती. दादांची आणि तात्याची ती थोरली बहीण. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुमे, आजपासनं तात्याला आबा म्हणायचं. आन् आवं-जावं करायचं." मी त्याला आबा कधीच म्हणाले नाही. पुढं कितीतरी वर्षं कशानंच हाक मारली नाही, समोर जाऊन उभी राहायचे आणि बोलायचे. पुढं मोठेपणी आवं-जावं जमलं, पण इथं लिहिताना मी त्याला एकेरीच लिहिणार आहे. जो तात्या माझा होता, तो एकेरीच होता.

लग्नानंतर चार-सहा दिवसांतली गोष्ट. तात्या आणि आण्णा जेवायला बसले होते. आई भाकरी थापत होती. तात्या सवयीनं बोलून गेला, "वैनी, भाकरी वाढा." आईचा हात परातीवरच थांबला. आण्णांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तात्यानं पुढ्यातलं ताट सरकवलं आणि उठून बाहेर गेला. त्या दिवसानंतर त्यानं आईला कोणत्याही नावानं हाक मारली नाही. "ऐकलं का" एवढंच. आमच्या घरातली थट्टा तिथं संपली. मग घरात राहिले ते नुसते आवाज. परातीवरची थाप, गोठ्यातल्या साखळीचा खुळखुळाट, आण्णांचं खाकरणं आणि तात्याच्या सायकलचं स्टँड. स्टँड एका झटक्यात लागलं तर ठीक. लाथेनं दोनदा मारलं की मी गोठ्यामागं जायचे.

मी दादांसारखी दिसायचे. थोडीफार नाही, हुबेहूब. जुळलेल्या भुवया, रुंद कपाळ, वरचा ओठ जरासा वर उचललेला. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "पोरगी निव्वळ बापावर गेलीया." एकदा एका शेजारणीनं हे दारात, तात्यासमोरच म्हटलं. त्या दुपारी जेवताना त्यानं माझ्याकडं बघितलं, घास हातातच राहिला, आणि म्हणाला, "तोंड तिकडं कर." मला वाटलं, खेळ आहे. मी हसले. मग त्यानं माझा दंड धरून मला ताटासकट फिरवलं. आमटी सांडली, पायावर आली. "भिंतीकडं तोंड करून जेवायचं. रोज."

तशी मी पाच वर्षं जेवले. ती भिंत शेणानं सारवलेली होती आणि दर सणाला नवा हात फिरायचा, त्यामुळं आईच्या बोटांच्या चंद्रकोरी एकावर एक चढलेल्या दिसायच्या. मी त्या मोजायचे. जोंधळ्याची भाकरी, आख्खा मसूर, थंडीत हुलग्याचं पातळ माडगं, सगळ्यांची चव मला त्या भिंतीसकट आठवते. आई वाढायला आली की माझ्या भाकरीखाली लोण्याचा गोळा दडवून ठेवायची. बोलायची नाही. मला त्या लोण्याचा राग यायचा. मी ते खायचे, आणि राग यायचा. आज माझ्या घरात जेवायचं टेबल आहे, खोलीच्या मधोमध, भिंतीपासून लांब. मुलगी म्हणते, आई, भिंतीला लावलं तर जागा होईल. मी तिला काही सांगत नाही, फक्त हलवू देत नाही.

मारही होता. तात्या दारू पीत नव्हता. हे सांगितलं की लोक गोंधळतात, कारण दारू असली की सगळ्यांना उत्तर मिळतं. तो शुद्धीत मारायचा, वैरणीच्या दोरीनं, चपलेनं, बहुतेक वेळा उघड्या हातानं. कारण लागायचं नाही असं नाही, कारण असायचंच. पाणी सांडलं, वासरू सुटलं, मी दारात उभी होते. मारताना तो बोलायचा नाही आणि माझ्या तोंडाकडं बघायचा नाही. आण्णा पडवीत बसून म्हणायचे, "बास रं, बास," पण उठायचे नाहीत. मी दहा वर्षांची असताना विजू झाला. विजूला त्यानं बोटही लावलं नाही. त्याला खांद्यावर घेऊन तो बांधावरून नाचायचा, आणि मी लांबून बघायचे की हा तोच आहे, माझा तात्या, गेलेला कुठंच नाही, फक्त माझ्यासाठी संपलाय.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा एका सकाळी वडूजकडचा एक माणूस आमचं घर विचारत आला. तो दादांच्या पलटणीतला होता, सुट्टीवर आला होता. मी दार उघडलं तर तो उंबऱ्याबाहेरच थांबला. हातातली पिशवी खाली ठेवली आणि डोळे पुसायला लागला. "अगदी त्योच हाय की," म्हणाला. मी भीतीनं मागं बघितलं. तात्या पडवीत पान लावत बसला होता.

पाहुणा मोकळ्या मनाचा होता. चहा झाला, पोहे झाले आणि त्याच्या तोंडातून दादा बाहेर पडायला लागले. तिकडं बर्फात त्यांच्या तंबूत रोज चपाती असायची. दादा घरून जोंधळ्याचं पीठ घेऊन गेले होते आणि एका रविवारी हट्टानं स्वतः भाकरी करायला बसले. "आवं वैनी, थाप अशी मारली, अशी मारली, की भाईरचा संतरी बंदूक घेऊन आत! म्हणला, कौन है? कौन है? आन् ह्यो तोंडाला पीठ लावून म्हणतोय, भाकरी है साब, भाकरी!" आई हसली. पदर तोंडाशी न्यायचं तिला भान राहिलं नाही. तिचं हसणं किती मोठ्या आवाजाचं आहे हे मी विसरूनच गेले होते. आण्णाही हसले. पाहुणा जायला निघाला तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "शिक गं पोरी. तुज्या बापाला लय हौस हुती." तात्या त्याला वेशीपर्यंत सोडायला गेला.

मी आणि आई चुलीपाशी होतो. मला ती गोष्ट सोडवेना. मी परात पुढं ओढली, तोंडाला पीठ फासलं आणि जोरात थाप मारली. "भाकरी है साब!" आई पुन्हा हसली. मी पुन्हा थाप मारली. सायकल नेलेली नव्हती, त्यामुळं स्टँड वाजलं नाही. तात्या दारात कधी येऊन उभा राहिला ते आम्हाला कळलंच नाही. त्याचा हात माझ्या डाव्या कानावर बसला तेव्हा आधी दुखलं नाही. घंटा वाजल्यासारखं झालं, मग पाणी भरल्यासारखं झालं. मी त्याच्याकडं बघत होते. तोही, मारताना पहिल्यांदाच, माझ्या तोंडाकडं बघत होता, पीठ फासलेल्या, आणि त्याचे ओठ हलत होते. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

आठ दिवस आईनं कानात लसूण कढवलेलं तेल घातलं. पू यायला लागला, ताप चढला. नवव्या दिवशी ती आण्णांना म्हणाली, "पोरीला मिरजंला न्हेते." आण्णा म्हणाले, "शंकरला इचार." शंकर म्हणजे तात्या. ती म्हणाली, "इचारत न्हाई, सांगतीया." माझ्या ऐकण्यात ती आण्णांपुढं असं पहिल्यांदाच बोलली. विजूला शेजारणीकडं ठेवून आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो.

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई पिकल्या केसांच्या होत्या. त्यांनी विचारलं, "कशानं झालं?" आई म्हणाली, "गोठ्यात पाय घसरला. दावणीवर पडली." बाईंनी कानात उजेड धरून बराच वेळ बघितलं. मग आईला केसपेपर आणायला बाहेर पाठवलं, माझ्या उजव्या बाजूला खुर्ची ओढली आणि हळू विचारलं, "बाळ, कुणी मारलं का?" मला आजही तो क्षण तुकड्यातुकड्यानं आठवतो. भिंतीवरचं कानाचं चित्र, स्पिरिटचा वास, काचेआड रांगेत उभी असलेली आई, तिच्या हातात चुरगळलेली पिशवी. मी म्हणाले, "न्हाई. पडले." कुणीही मला तसं सांगायला सांगितलं नव्हतं. मी पुढं छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. वळ घेऊन येणारी मुलं बघितली. त्यांना मी कधीच एकदा विचारून सोडलं नाही. पहिल्यांदा मूल 'पडले'च म्हणतं.

आई परत आली. बाईंनी औषधं लिहिली, पडदा फाटलाय, उशीर झालाय, ऐकू येण्याची खात्री देत नाही असं सांगितलं. आम्ही उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली. "अहो आई." आई वळली. "हिला पुन्हा पडू देऊ नका."

सांगलीपर्यंतच्या एसटीत मी खिडकीला बसले होते. माझ्या डाव्या बाजूला आई. कानावर पट्टी होती. मधेच मला वाटलं, ती काही बोलतेय. मी वळून बघेपर्यंत तिनं तोंड पुसलं आणि समोर बघायला लागली. काय बोलली हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. सांगलीत गाडी बदलून विट्याच्या गाडीत बसायचं होतं. ती गाडी लागलेली होती. आई तिच्यासमोरून माझा हात धरून चालत पुढं गेली, स्टँडबाहेर आली आणि आत्याच्या घराच्या रस्त्याला लागली.

आत्याचे यजमान हळदीच्या वखारीत कामाला होते. दोन खोल्यांचं घर, कपड्यांना, अंथरुणाला, चहालासुद्धा हळदीचा वास. आत्यानं पट्टी बघितली आणि तोंडावर हात ठेवला. "शंकरनं?" आईनं मान हलवली. "मी येते, बोलते त्याच्याशी." आई म्हणाली, "बोलू नगा वन्सं. तुमच्यापुढं मान हालवंल. घरी आल्यावर आमाला भोगावं लागंल. हिला ठेवून घ्या." आत्या म्हणाली, "मग तुमी पण ऱ्हावा. कशाला जाता परत?" आई उंबऱ्यापाशी चपलेत पाय घालत होती. "विजू हाय तितं," म्हणाली. मी रडले नाही. मी म्हणाले, "मला पण विजूसंगं यायचंय." ती माझ्याजवळ आली, माझी हनुवटी धरली, मला उजेडाकडं वळवलं आणि सगळं तोंड नीट बघून घेतलं. मग गेली. आत्यानं केलेला चहा तिनं प्यायलाही नाही.

त्यानंतर मी त्या घरात राहायला कधीच गेले नाही. आत्याकडं वाढले, शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, सगळं सांगलीतच. आई वर्षातून दोनदा विजूला घेऊन यायची, दोन तास बसायची. मला वाटायचं, हिनं मला टाकलं, त्याला निवडलं. पुढं माझी मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा कळलं की त्या दिवशी तिच्या हातात जेवढं होतं तेवढं तिनं केलं. कळलं म्हणून राग गेला असं मात्र नाही. आई सात वर्षांपूर्वी वारली, आणि त्या रागाचं काय करायचं ते सांगायला आता कुणी नाही. कधी जोंधळ्याचं पीठ मळताना तो येतो, थोडा वेळ थांबतो, जातो.

गेल्या थंडीत विजूचा फोन आला. तात्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीत होतं आणि दोन दिवस जवळच कुठंतरी राहायला हवं होतं. विजू माझ्याशी कधी वाईट वागला नाही, आक्का-आक्का करतो. तो अडखळत म्हणाला, "लॉज बगू का?" मी म्हणाले, "घरी आण." का म्हणाले ते मला अजून नीट सांगता येत नाही. दयेनं नाही, एवढं नक्की.

तात्या वाळून गेला आहे. पांढरं धोतर, काळा चष्मा, हातात काठी. दर दोन तासांनी त्याच्या डोळ्यात थेंब घालायचे होते. विजू औषधं आणायला बाहेर गेला होता तेव्हा मलाच घालावे लागले. मी म्हणाले, "मान वर करा." त्यानं केली. चष्मा काढला तेव्हा मी त्याचं तोंड इतक्या जवळून बघितलं, जितक्या जवळून लहानपणी सायकलच्या दांडीवरून बघितलं असेल. त्याच्याही भुवया जुळलेल्या होत्या, पांढऱ्या झालेल्या. दादा म्हातारे झाले असते तर असे दिसले असते. थेंब गालावर गेला. मी पुसला, पुन्हा घातला.

डोळे मिटून तो तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "वडूजच्या पोरीची माजी सुपारी फुटली हुती. म्हाईत हाय तुला?"

"माहीत आहे."

"वैनी म्हणून पाया पडायचो मी तुज्या आईच्या. आण्णा म्हणलं, लगीन कर. केलं." त्यानं चाचपून काठी मांडीवर घेतली. "तुजं तोंड बगितलं की दादा दिसायचा. वाटायचं, इचारतोय, माज्या ताटावर का बसलास रं."

मी म्हणाले, "तात्या, मी आठ वर्षांची होते."

"व्हय."

"मी दादा नव्हते. मी सुमन होते. तुम्ही मला सायकलवरून बाजाराला न्यायचा."

"व्हय," तो म्हणाला. त्याच्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी आलं, औषधाचं की कशाचं मला माहीत नाही. मग तो थांबला. आमच्याकडं अशा वेळी समोरच्यानं काय म्हणायचं असतं ते ठरलेलं आहे. असू द्या. झालं ते झालं. तो त्याचीच वाट बघत होता आणि मला ते कळत होतं. माझ्या ओठांपर्यंत ते शब्द आलेही, कारण आयुष्यभर मुलांना, सासरच्यांना, शेजाऱ्यांना मी ते म्हणत आले आहे. मी बाटलीला झाकण लावलं. म्हणाले, "पुढचे थेंब चारला." आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खूप चालून आल्यावर पाय दुखतात तसं सगळं अंग दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. विजूनं तात्याला रिक्षात बसवलं आणि चष्म्याची डबी न्यायला परत वर आला. दारात उभा राहून त्यानं विचारलं, "आक्का, आबा रातभर झोपलं न्हाईत. तुमचं काय बोलणं झालं का? माफ केलंस न्हवं त्यांना?"

"नाही रे विजू," मी म्हणाले. "माफ नाही केलं. करीन असंही वाटत नाही."

तो गोरामोरा झाला. मी त्याच्या हातात डबी दिली. "पण पुढच्या महिन्यात डोळा दाखवायला आणशील तेव्हा लॉज बघू नकोस. इथंच उतरा."

त्यानं डबी खिशात घातली. खाली रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, आणि तो जिना उतरून गेला.